लेकीला न सांगता साल्झबुर्गला जाऊन यावं का?

पत्र थोडक्यात असं: सांगलीकडचे एक निवृत्त काका, वय ६७. पत्नी ६२ वर्षांच्या. दोघं अडीच महिन्यांसाठी म्युनिकला लेक-जावयाकडे आले आहेत, त्यातला एक महिना उलटून गेलाय. लेक-जावई दोघंही नोकरीवाले. सकाळी साडेआठला दार ओढून घेतलं की संध्याकाळी सहालाच उघडतं. पुढच्या महिन्यात काका-काकूंच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे, नेमका बुधवारी. त्या दिवशी दोघांनीच रेल्वेने ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जायचं आणि रात्री परत यायचं, असा काकांचा बेत. लेक म्हणते, "एकटे नको, मी शनिवारी गाडीने नेते." त्यात ओळखीतल्या एका गृहस्थांनी घाबरवून ठेवलंय: तुमचा व्हिसा सिंगल एन्ट्री, जर्मनीबाहेर पाऊल टाकलंत की परत आत घेणार नाहीत. काका लिहितात, "मी आयुष्यभर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईच्या खेपा केल्या, रेल्वे मला नवीन नाही. आणि इथल्या गाड्या तर घड्याळावर चालतात. दोन तासांच्या प्रवासाला पोरीची परवानगी लागते का? तिला न सांगता गुपचूप जाऊन आलो तर?"

काका, नमस्कार. चाळिसाव्या वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा, दोघांनाही.

आधी व्हिसाचं भूत उतरवू, कारण ते मानेवर असेपर्यंत बाकीचं बोलून उपयोग नाही. पासपोर्ट काढा आणि व्हिसाचा स्टिकर चष्मा लावून वाचा. वर, कुठल्या देशांसाठी वैध त्या ओळीत, 'शेंगेनर श्टाटेन' असं छापलेलं असेल. म्हणजे शेंगेन देश. तुमचा व्हिसा जर्मनीच्या वकिलातीने दिला, पण तो एकट्या जर्मनीचा नाही. तो २९ देशांचा मिळून आहे, आणि ऑस्ट्रिया त्यातलाच एक. मोठ्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून तुम्ही विमानतळावरच आत आलात, एन्ट्री मोजली गेली ती तिथे. आता माजघरातून ओसरीवर आलात म्हणून कोणी दुसरी एन्ट्री मोजत नाही. जर्मनीतून ऑस्ट्रियात जाताना शिक्का नाही, येताना नाही. दिवसही तेच मोजले जातात जे तसेही मोजले जाणार होते.

तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचं अगदीच चूक आहे असंही नाही, त्यांचा नकाशा चुकलाय. हाच व्हिसा घेऊन तुम्ही पॅरिसहून रेल्वेने लंडनला गेला असतात, तर वाड्याच्या बाहेर पडला असतात. ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागला असता आणि परत येताना सिंगल एन्ट्री संपलेली असती. सर्बिया, बॉस्नियात गेलात तरी सिंगल एन्ट्री तशीच संपते. त्यांनी अशा कुणाची तरी फजिती ऐकली असणार आणि ती सगळ्या सीमांना लावली.

पण एक गोष्ट ना त्यांनी सांगितली, ना तुमच्या पत्रात आहे, आणि खरी काळजी तिचीच घ्यायची आहे. जाताना तुम्हाला बहुधा कोणी विचारणार नाही. येताना विचारतील. शेंगेनमध्ये सीमेवर तपासणी नसते हे पुस्तकात खरं. पण ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने सप्टेंबर २०१५ मध्ये तपासणी पुन्हा सुरू केली, आणि ती मुदतवाढ घेत घेत चालूच राहिली आहे. साल्झबुर्गहून निघालेली गाडी सालाख नदी ओलांडते आणि काही मिनिटांत फ्रायलासिंगला थांबते. जर्मनीतलं पहिलं स्टेशन. तिथे पोलीस चढतात.

माझे आई-बाबा इकडे आले होते तेव्हाची गोष्ट सांगते. संध्याकाळची गाडी, डब्यात अर्धे लोक झोपलेले. फ्रायलासिंगला गाडी थांबली ती थांबलीच. गडद निळ्या गणवेशातले दोघे एकेका बाकापाशी थांबत पुढे येऊ लागले. ते आमच्यापाशी आले तसे बाबा ताडकन उठून उभे राहिले, कचेरीत साहेब आल्यावर उठायचे तसे. आईने पर्स उघडली. पर्समधून रुमाल निघाला, गोळ्यांची डबी निघाली, पंचांग निघालं, पासपोर्ट निघेना. पासपोर्ट वरच्या फळीवरच्या पिशवीत, पिशवी जॅकेटांखाली, आणि पोलीस तिथेच शांतपणे उभा. विशी-बाविशीचा पोरगा होता. त्याने स्वतःच पिशवी खाली काढून दिली. व्हिसाचं पान पाहिलं, बाबांचा चेहरा पाहिला, 'डांके' म्हणाला आणि पुढे गेला. मिनिटभरही लागला नाही. आईचे हात मात्र रोझेनहाइम येईपर्यंत गार होते. तेव्हा मूळ पासपोर्ट, झेरॉक्स नाही आणि मोबाइलमधला फोटोही नाही, आणि तो फ्रायलासिंगच्या आधीच हातात. बास, सीमेची गोष्ट इथे संपली.

आता गुपचूप जाण्याचं.

तुम्ही लिहिलंय, "पोरीची परवानगी लागते का?" परवानगी लागत नाही. पण तुम्ही तिच्या 'नको'चा अर्थ जो लावलाय, की आई-बाप म्हातारे झाले, त्यांना आता काही जमत नाही, असं तिला वाटतं, तो मला अर्धाच बरोबर वाटतो. तुमचा व्हिसा झाला तेव्हा लेकीने इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन एखाद्या हमीपत्रावर सही केली होती का, हे तिला सहज विचारा. जर्मन नाव उच्चारायला जीभ अडखळते, मजकूर मात्र सरळ आहे: पाहुण्यांचा इथला सगळा खर्च, आजारपणाचासुद्धा, मी देईन. बऱ्याच मुलांनी ही सही केलेली असते आणि बहुतेक जण आई-वडिलांना त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. आपल्याला जे 'उगाच टेन्शन' वाटतं, त्याच्या मागे कधी कधी सरकारी शिक्क्याचा कागद असतो. दुपारी दोनला ती मीटिंगमध्ये असताना अनोळखी ऑस्ट्रियन नंबरवरून फोन आला, "तुमचे वडील इथे आहेत," तर तिचं काय होईल? ती तुम्हाला साल्झबुर्गला गेलात म्हणून रागावणार नाही. सांगितलं नाहीत म्हणून रागावेल, आणि त्या रागाला तुमच्यापाशी उत्तर नसेल. कॉलेजात असताना ती न सांगता मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला गेली असती, तर तुम्ही काय केलं असतं?

म्हणून गुपचूप नको. पण जा. विचारू नका, सांगा. "जाऊ का?" आणि "बुधवारी जातोय, ही गाडी, ही परतीची गाडी" यांत फार फरक आहे. पहिल्याला ती काळजीपोटी 'नको' म्हणेल, आणि तसं म्हणायला तुम्हीच तिला भाग पाडलेलं असेल.

अजून एक विचारू? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. महालक्ष्मी आहे, लेक आहे, जावई आहे, व्हिसावाले गृहस्थ आहेत. काकूंचं एकही वाक्य नाही. "हिला आवडेल" एवढंच आहे. वाढदिवस दोघांचा आहे. काकूंना साल्झबुर्ग बघायचंय, की तुमच्याबरोबर कुठेतरी जायचंय, की लेकीबरोबर जायचंय? गुडघे कसे आहेत? दिवसभर दगडी रस्त्यांवर चालणं त्यांना झेपेल का? आणि मुख्य म्हणजे, लेकीपासून लपवायच्या तुमच्या बेतात त्या सामील आहेत, की त्यांनाही बुधवारी सकाळीच कळणार आहे? माझा अनुभव असा की अशा प्रवासात पुरुष माणसाला 'मला जमतं' हे सिद्ध करायचं असतं आणि बाई दिवसभर स्वच्छतागृह कुठे आहे याच्या चिंतेत असते. पाणी पीत नाही मग. (गाडीत स्वच्छतागृह असतं आणि फुकट असतं. स्टेशनवर पैसे पडतात, युरोची नाणी खिशात ठेवा.) आज रात्री त्यांनाच विचारा. पुढचं सगळं त्या 'हो' म्हणाल्या असं धरून लिहितेय.

पर्याय तुमच्यापुढे तीन आहेत. लेकीची गाडी वाईट नाही. पण शनिवारी साल्झबुर्गच्या महामार्गावर अर्धं बव्हेरिया (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) असतं आणि येताना वाल्सरबेर्गच्या नाक्यावर तपासणीची रांग. तिचा एकुलता एक मोकळा दिवस स्टिअरिंगवर जातो. बसची सहल सोपी असते, पण गाइड छत्री उंच धरून पळत असतो आणि काकूंना जिथे दहा मिनिटं बसावंसं वाटेल तिथे दोनच मिळतात. माझं मत तुमच्या बाजूने, रेल्वेच्या. फक्त 'रेल्वे मला नवीन नाही' हे वाक्य जरा सैल करा.

आपल्याकडे चूक झाली की डबाच सांगतो. "काका, हा एस-चार आहे, तुमचा एस-सात," पाच जण एकदम बोलतात, वर कुणीतरी बॅग उचलून देतं. इथे फलाटाला फाटक नाही, दारावर टीसी नाही, आरक्षणाचा तक्ता नाही. चुकीच्या गाडीत चुकीचं तिकीट घेऊन तुम्ही ऐटीत बसू शकता, अर्धा तास कोणी काही बोलत नाही. मग तपासनीस येतो. विनातिकीट म्हणजे ६० युरो, आणि चुकीचं तिकीटही त्याच हिशेबात धरलं जाऊ शकतं.

मी पहिल्या वर्षी अशीच बसले होते. गाडी बरोबर होती, डबा चुकला होता. इथे काही गाड्या वाटेत फुटतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. दारापाशी लिहिलेलं असतं, मी वाचलं नाही. तासाभराने एका तळ्याकाठच्या स्टेशनवर गाडी संपली, माझं गाव नव्हतं ते. पुढची परतीची गाडी तासानंतर. डब्यातली दशमी-चटणी खाल्ली आणि बदकं बघत बसले. त्या दिवसापासून गाडीच्या तोंडावरचं नाव वाचून भागत नाही, मी ज्या दारातून चढते त्या दारापाशीचं नाव वाचते.

आणि 'घड्याळावर चालतात' हे तर विसराच. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि इथे 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रुळांच्या कामासाठी मधला टप्पा बंद ठेवून बस देणंही नेहमीचं. तेव्हा मंगळवारी रात्री आणि बुधवारी निघण्याआधी ॲपवर गाडी बघायची. लाल अक्षरांत 'फेल्ट आउस' दिसलं तर ती गाडी रद्द.

तिकिटाचं नीट समजून घ्या, कारण गोंधळ होतो तो इथेच. म्युनिकहून साल्झबुर्गला दोन जातींच्या गाड्या जातात. एक जलद, रेलजेट वगैरे, साधारण दीड-पावणेदोन तास. दुसरी प्रादेशिक, रोझेनहाइम, प्रीन, ट्राउनश्टाइन करत जाणारी, दोन तासांच्या आतबाहेर. तुमच्यासाठी दुसरी. तिला 'बायर्न तिकीट' चालतं: एका दिवसाचं, एक ते पाच माणसांचं, माणसागणिक थोडी रक्कम वाढते. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत ते वैध आहे, सीमेसाठी वेगळं काही काढावं लागत नाही. म्युनिक शहरातल्या मेट्रो, ट्राम, बसलाही तेच. साल्झबुर्गच्या शहरबसला मात्र नाही.

यात दोन खाचखळगे आहेत. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊनंतरच सुरू होतं. तुमचा बुधवार आहे. लेक साडेआठला घराबाहेर पडली म्हणून तुम्हीही तिच्याबरोबर निघून पावणेनऊची मेट्रो धरलीत, तर ती मेट्रो विनातिकीट. नऊ वाजू द्या, चहाचा दुसरा कप घ्या. (शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ही अट नाही.) दुसरा खळगा: फलाटावर 'साल्झबुर्ग' नाव लागलेली जी गाडी आधी येईल ती आपली नव्हे. जलद गाडीवरही तेच नाव असतं, बऱ्याचदा त्यापुढे व्हिएन्ना किंवा बुडापेस्ट. तीत बायर्न तिकीट चालत नाही. आणि तिकिटावर प्रवाशांची नावं लागतात, तीही तपासली जातात.

लेकीने तुम्हाला महिन्याचं 'डॉइचलांड तिकीट' काढून दिलं असेल, तर बायर्न तिकीट घेऊच नका. तेही प्रादेशिक गाडीत साल्झबुर्गपर्यंत चालतं आणि त्याला नऊची अट नाही. पण ते माणशी असतं, एकाच्या तिकिटावर दुसरा जाऊ शकत नाही.

स्टेशनवर पिवळा कागद म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरा म्हणजे येणाऱ्या. 'ग्लाइस' म्हणजे फलाट. एवढं जर्मन पुरतं. मुख्य स्टेशनवर सध्या इतकं बांधकाम आहे की तिथलेही चुकतात. घर पूर्वेकडे असेल तर ओस्टबानहोफला चढा, ही गाडी तिथेही थांबते. चढल्यावर काकूंना गाडीच्या दिशेने उजव्या खिडकीशी बसवा. रोझेनहाइमनंतर आल्प्स त्या बाजूला येतात. कीमसेचं तळं डावीकडे, तिथे क्षणभर उभं राहून बघा.

त्या तळ्यावरून आठवलं. बुधवारच्या आधी एखाद्या दिवशी प्रीनपर्यंत जाऊन या. तीच गाडी, तेच तिकीट, साधारण निम्मी वाट, सीमा नाही. स्टेशनवरून उन्हाळ्यात १८८७ सालची छोटी आगगाडी तळ्याच्या धक्क्यापर्यंत जाते, तिथून बोटीने बेटावर, जिथे दुसऱ्या लुडविग राजाने व्हर्सायची नक्कल बांधायला घेतली आणि अर्धवट सोडून मेला. रंगीत तालीम म्हणून सांगत नाहीये, काकूंना आवडेल म्हणून सांगतेय. पण तालीम होईलच. लेकीला संध्याकाळी बेटावरचा फोटो दाखवलात की बुधवारची निम्मी बोलणी तिथेच उरकतील.

साल्झबुर्गला पोचाल साडेअकरा-बाराच्या सुमारास. सगळं बघायचा हट्ट धरू नका. स्टेशनवरून मिराबेल बाग सपाट रस्त्याने पंधरा मिनिटं. बागेतून वरचा किल्ला समोर दिसतो, तिथे बाकं आहेत, डबा तिथेच उघडा. मग साल्झाख नदीवरचा पादचारी पूल ओलांडून जुन्या शहरात. गेट्रायडेगासे या चिंचोळ्या गल्लीतलं ९ नंबरचं पिवळं घर मोझार्टचं, २७ जानेवारी १७५६ चा जन्म. आत जिने आहेत. काकूंचे गुडघे बोलत असतील तर बाहेरूनच बघा आणि त्या गल्लीतल्या दुकानांवर टांगलेल्या लोखंडी पाट्या बघा, मला त्या घरापेक्षा जास्त आवडतात. किल्ल्याचं काम १०७७ मध्ये सुरू झालं. चढायची गरज नाही, १८९२ पासून दोराची गाडी आहे. किल्ला आणि एखादं संग्रहालय दोन्ही करणार असाल तर साल्झबुर्ग कार्डाचा हिशेब करा, त्यात शहरबसही येते.

जाता जाता एक गंमत. तुम्ही ज्या सीमेसाठी एवढी चौकशी करताय, ती मोझार्टच्या वेळी या अर्थाने नव्हतीच. साल्झबुर्ग तेव्हा आर्चबिशपचं स्वतंत्र राज्य होतं. १८१० ते १८१६ ही सहा वर्षं ते चक्क बव्हेरियात होतं, मग ऑस्ट्रियाकडे गेलं. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

परतीला पाचच्या आसपासची गाडी धरा. प्रादेशिक गाड्या तासाला साधारण एक असतात, तेव्हा एक चुकली तर दुसरी आहे. शेवटच्या गाडीवर बेत बांधू नका. फ्रायलासिंगला कधी पाच मिनिटं जातात, कधी वीस. घरी आठ-साडेआठ. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवसांच्या घ्या. व्हिसासाठी काढलेला विमा ऑस्ट्रियातही चालतो, तो सगळ्या शेंगेन देशांसाठीच असावा लागतो; त्याचा कागद पासपोर्टच्याच लिफाफ्यात ठेवा. मदतीचा नंबर दोन्ही देशांत ११२. मोबाइलचं सिम जर्मनीतलं असेल तर ऑस्ट्रियात साधारण त्याच दरात चालतं, भारतातलं असेल तर आधी पॅक बघा. आणि जर्मनीत विकत घेतलेली पाण्याची बाटली रिकामी करून साल्झबुर्गच्या दुकानात परत द्यायला जाऊ नका. दोन्हीकडे बाटलीमागे २५ सेंट अनामत असली तरी हिशेब वेगळे आहेत. माझे बाबा गेले होते.

हे पत्र छापायचं ठरवलं कारण असे काका मला दर उन्हाळ्यात लिहितात, फक्त गावं बदलतात. व्हिएन्नात लेक असेल तर तुमचं साल्झबुर्ग म्हणजे ब्रातिस्लावा, तासाभराचा प्रवास. पण तिथे दोन वेगवेगळ्या मार्गांनी गाड्या जातात आणि दोन वेगवेगळ्या स्टेशनांवर पोचतात: एक मुख्य स्टेशन, दुसरं डॅन्यूबच्या पलीकडचं पेट्रझाल्का. उतराल कुठे ते आधी ठरवा आणि परतताना त्याच नावावर या. कोपनहेगनवाल्यांना माल्मो आहे, २००० साली झालेल्या पुलावरून. दोन्हीकडे 'क्रोनर'च, पण डेन्मार्कचे वेगळे आणि स्वीडनचे वेगळे. बाझेलला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, म्हणून व्हिसाचा प्रश्न नाही. पण युरोपियन युनियनमध्ये नाही, म्हणून जर्मन सिमचं रोमिंग महाग पडू शकतं आणि दुकानात फ्रँक चालतात. मुलांकडे राहणाऱ्या आई-वडिलांबरोबर मुलंही जात असतील तर त्यांनी आपलं राहण्याच्या परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही घ्यावं. आई-वडिलांचे पासपोर्ट आठवणीने घेऊन स्वतःचा घरी विसरणारी मुलं मी पाहिली आहेत.

काका, हे उत्तर लेकीला वाचायला द्या. पुढच्या ओळी तिच्यासाठी आहेत.

ताई, तुझी भीती मला कळते, मीही त्या कागदावर सही केली आहे. बुधवारी तू ऑफिसला जाण्याआधी तीनच गोष्टी कर. तिकीट तुझ्या मोबाइलवर न ठेवता बाबांच्या मोबाइलवर घे, वर एक छापून दे, म्हणजे बॅटरी गेली तरी हातात काहीतरी राहील. एका कागदावर मोठ्या अक्षरांत तुझा नंबर, घराचा पत्ता आणि 'आम्ही लेकीकडे आलो आहोत' एवढं जर्मनमध्ये लिहून आईच्या पर्समध्ये ठेव. आणि त्यांना सांग, दिवसातून दोनदाच मेसेज करा: साल्झबुर्गला उतरल्यावर आणि फ्रायलासिंग सुटल्यावर. मधल्या वेळात तू फोन करू नकोस. आई फोन उचलायला पर्स उघडेल, त्यातून सगळं बाहेर काढेल, आणि पासपोर्ट नेमका मिराबेलच्या बाकावर राहील.